वडिलांच्या रकान्यात कोण?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या मोठ्या भावानं दीड वर्षापूर्वी हृषीकेशला संन्यास घेतला. आता नाव वेगळं, सही वेगळी. आई एक्क्याऐंशीच्या. त्या फोनवर "बाळू" म्हणतात आणि पलीकडून उत्तर येतं, "आई, ते नाव आता नाही." मग आई दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. पुढच्या महिन्यात वडिलांचं श्राद्ध आहे. दरवर्षी दादा करायचे, आता कोणी करायचं? आणि शेवटी तुम्ही रागानंच विचारलंय, की धर्मात नाव बदलतात म्हणजे नेमकं काय बदलतात? ख्रिस्ती होणारे बदलतात, शीख बदलतात, मग हे सगळं एकच का? आणि दादानं नाव टाकलं म्हणजे आम्हालाच टाकलं का?

मी वाईचा. पौरोहित्याला ३४ वर्षं झाली. बारशी, मुंजी, लग्नं यांचा हिशेब नाही. संन्यासविधीला मात्र तीनदाच हाताखाली होतो. दुसऱ्या धर्मांचं जे सांगेन ते वाचून आणि त्या धर्मातल्या माणसांना विचारून कळलेलं. माझ्यापुरती एक युक्ती मला सापडली आहे. कुणी नाव बदललं की मी नवं नाव काय ते आधी बघत नाही. वडिलांच्या नावाचं काय झालं ते बघतो. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचा एक रकाना असतो ना, तो धर्मानं कसा भरला, की कोराच ठेवला? बदलाचा अर्थ बहुतेक तिथे सापडतो.

सुरुवात घरातूनच करू. बारशाला आपण एकच नाव ठेवतो असं लोकांना वाटतं. विधीत चार असतात. तबकात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं लिहायचं: कुलदेवतेचा भक्त म्हणून एक, जन्ममासाचं एक, नक्षत्राचं एक आणि चौथं व्यवहाराचं. आत्या कानात कुर्र करते ते चौथं, आणि पाठीत धपाटे खाते तेही त्याच चौथ्यासाठी. बाकीची तीन माणूस मोठा होईतो विसरून जातो. म्हणजे आपल्याकडे एका माणसाला मुळात एकच नाव कधी नव्हतं. पण चारही नावं एकाच दाव्याला बांधलेली असतात, ते म्हणजे गोत्र. मुंजीत बटू अभिवादन करतो तेव्हा प्रवर म्हणजे वंशाच्या मूळ ऋषींची नावं सांगतो, गोत्र सांगतो आणि मग "अमुक शर्मा मी" म्हणतो. आधी वंश, मग स्वतः. श्राद्धातही तसंच. नुसतं "माझे वडील" म्हणून चालत नाही. बाप, आजा, पणजा, तिघांची नावं गोत्रासह घ्यायची आणि त्यांना वसु, रुद्र, आदित्य या रूपांत बोलवायचं. मुलीच्या लग्नात तांदळात नवं नाव लिहितात तिथेही खरा बदल नावाचा नाहीच, गोत्राचा. नाव बदलायची कायद्याची सक्ती नाही, शास्त्राचीही नाही. मी हल्ली विचारतो, "बदलायचंय का?" बऱ्याच मुली नको म्हणतात. मग मी तांदळात तिचं आहे तेच नाव लिहितो, आणि सासूबाईंकडे बघत नाही.

आता दादांनी काय केलं ते सांगतो, कारण तुम्हाला ते कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

दशनामी परंपरेत संन्यास घेताना भगवी कफनी शेवटी येते. आधी येतात आठ श्राद्धं. देव, ऋषी, दिव्य, मनुष्य, भूत, पितर, माता आणि आठवं आत्मश्राद्ध, म्हणजे स्वतःचं. स्वतःच्या हातानं स्वतःचा पिंड. मी पहिल्यांदा तो विधी पाहिला तेव्हा विशीत होतो. संन्यास घेणारे गृहस्थ पासष्टीचे. ते पिंड ठेवत होते आणि मागे त्यांचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. त्यानंतर विरजा होम, म्हणजे शुद्धीचा होम. मग पुत्राची, वित्ताची आणि लोकांत मोठं होण्याची अशा तीन इच्छा सोडायच्या. मग प्रैष: "संन्यस्तं मया" हे तीनदा, हळू, मध्यम आणि मोठ्यानं. सगळ्या प्राणिमात्रांना अभय द्यायचं, की माझ्यापासून कुणाला भीती नाही. शेंडी आणि जानवं पाण्यात. मग उत्तरेकडे पावलं टाकत निघायचं आणि गुरूंनी हाक मारून थांबवायचं, कौपीन म्हणजे लंगोटी द्यायची, दंड द्यायचा, उपनिषदातलं महावाक्य सांगायचं. नाव येतं ते या सगळ्यानंतर.

या क्रमात अर्थ आहे. नाव बदललं म्हणून माणूस बदलला असं इथे नाही. जुन्या नावाचा माणूस आधी विधीनं मेला, आणि उरलेल्याला हाक मारायला काहीतरी हवं म्हणून नाव. त्या नावाचा शेवट काय असतो बघा: तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, गिरी, पर्वत, सागर, सरस्वती, भारती, पुरी. दहातलं एक. तुमच्या दादांच्या नावापुढे 'सरस्वती' लागलंय. आडनावाच्या जागी आता परंपरा बसली आणि बापाच्या जागी गुरू.

हे मी अलंकारानं बोलत नाही. २०१६ च्या डिसेंबरात परराष्ट्र खात्यानं पासपोर्टचे नियम सैल केले. साधू-संन्याशाला अर्जात जन्मदात्यांच्या नावाऐवजी गुरूचं नाव देता येतं. अट एवढीच, की एखाद्या सरकारी कागदावर पालक म्हणून तसं नाव आधी आलेलं असावं. मठात जे शेकडो वर्षं तोंडी होतं त्याला सरकारी फॉर्मात जागा मिळाली. त्याच्याही आधीपासून आपली न्यायालयं संन्यास म्हणजे दिवाणी मृत्यू मानत आली आहेत: संन्याशाची जुनी मालमत्ता वारसांकडे जाते. पण नुसती भगवी वस्त्रं आणि नवं नाव पुरत नाही, विधी झाल्याचं सिद्ध करावं लागतं. तुमच्या सातबाऱ्यावर दादांचं नाव असेल तर हे वकिलाला विचाराच. अशा घरांत पुढे भांडण नावावरून होत नाही, फेरफारावरून होतं.

आता तुमचं "सगळं एकच का?" हे. नाही, एकच नाही. उलट दिसायला सारखे असलेले बदल आतून अगदी वेगळे निघतात.

शिखांचं घ्या. १६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात पाच जणांनी शीर देऊ केलं. दयाराम, धरमदास, हिंमतराय, मोहकमचंद, साहिबचंद. वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या जातींचे. अमृत घेऊन उठले तेव्हा पाचही जण 'सिंह' होते. मग गुरूंनी त्याच पाचांकडून स्वतः अमृत घेतलं आणि गोविंदरायचे गोविंदसिंह झाले. गुरूनं शिष्याकडून दीक्षा घ्यावी हे माझ्यासारख्या पाठशाळेत वाढलेल्या माणसाला आजही पटकन गिळवत नाही, पण कौतुक वाटतं. खरी गोष्ट पुढे आहे. खालसात, म्हणजे अमृत घेतलेल्यांच्या पंथात, आलेल्याला सांगतात, की आजपासून तुझे वडील गुरू गोविंदसिंह, आई माता साहिब कौर आणि गाव आनंदपूर. म्हणजे रकाना कोरा ठेवला नाही, सगळ्यांचा सारखा भरला. जात आडनावात राहते, म्हणून आडनावाच्या जागी पुरुषाला सिंह आणि बाईला कौर. संन्याशाला वंशातून बाहेर काढतात, खालशाला नव्या वंशात घेतात. आपल्या नांदेडचंच उदाहरण आहे. १७०८ मध्ये गोदावरीकाठी मठ करून राहिलेले बैरागी माधोदास गुरूंना भेटले. जन्माचं नाव लछमनदेव, ते एकदा टाकून माधोदास झालेले. मी तुमचा बंदा, म्हणजे दास, असं ते गुरूंना म्हणाले अशी आठवण सांगतात, आणि इतिहासात ते बंदासिंह बहादूर म्हणून राहिले. वैराग्याचं नाव घेतलेला माणूस दुसरं नाव घेऊन तलवार उचलायला पंजाबात गेला. नाव बदललं की माणूस जगातून उठतोच असं नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

इस्लाममध्ये तर उलटंच. पुष्कळांना वाटतं, मुसलमान झालं की नाव बदलावंच लागतं. तशी अट नाही. उमर, अली, खदीजा ही नावं इस्लामच्या आधीचीच, ती तशीच राहिली. पैगंबरांनी नावं बदलली ती वाईट अर्थाची किंवा दुसऱ्या देवाचा दास असं सांगणारी. आसिया म्हणजे आज्ञा मोडणारी, तिला जमीला म्हटलं. आणि वडिलांचं नाव? कुराणात तेहेतिसाव्या सूरेत स्पष्ट सांगितलंय, की दत्तक मुलांनाही त्यांच्या खऱ्या बापाच्या नावानंच हाक मारा. म्हणजे धर्म बदलला तरी रकान्याला हात लावायचा नाही. एक किस्सा माझ्या घड्याळजी मित्रानं सांगितला होता, पुढे मीही वाचला. हझ्न नावाचे एक गृहस्थ होते. हझ्न म्हणजे खडबडीत जमीन. पैगंबर म्हणाले, तू सहल हो, सहल म्हणजे सपाट. ते म्हणाले, बापानं ठेवलेलं नाव मी बदलणार नाही. नाही बदललं. त्यांचा नातू पुढे सांगायचा, की तेव्हापासून आमच्या घराण्यात तो खडबडीतपणा राहिलाच. सांगताना मित्र हसत होता. मला मात्र त्या गृहस्थांचा हट्ट आवडला.

ज्यू परंपरेत धर्मात आलेल्याला वडील दिले जातात ते थेट अब्राहाम. 'अमुक, अब्राहामाचा पुत्र'. त्याच अब्राहामाचं नाव आधी अब्राम होतं आणि देवानं ते बदललं असं उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. ज्याचं स्वतःचं नाव बदललं तोच नाव बदलणाऱ्या सगळ्यांचा बाप, हे मला फार नेमकं वाटतं.

ख्रिस्ती लोकांबद्दल तुम्ही "शौलाचा पौल झाला तसं" असं लिहिलंय. तो सार्वत्रिक गैरसमज आहे. दमिष्काच्या वाटेवर त्याचं मन पालटलं तेव्हा नाव बदललं नाही. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पुढे तेराव्या अध्यायात "शौल, ज्याला पौलही म्हणत" असं सहज येतं. दोन्ही नावं त्याची आधीचीच, घरातलं एक आणि रोमी जगातलं एक. नाव खरोखर दिलं गेलं ते शिमोनाला, पेत्र म्हणजे खडक. पण ते वाक्य नीट वाचा. येशू आधी त्याला "योनाच्या पुत्रा शिमोना" म्हणतो आणि लगेच पुढे "तू पेत्र आहेस". नवं नाव देतानाच बापाचं नाव घेतलेलं आहे. आणि शेवटी, पुनरुत्थानानंतर, तळ्याच्या काठी येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. तिन्ही वेळा हाक पेत्र अशी नाही. बापाच्या नावासकट शिमोन अशी आहे. जिव्हाळ्याचं विचारायचं होतं, तेव्हा जुनं नाव आलं. दादांना हे नक्की सांगा, त्यांना आवडेल.

पण धर्मग्रंथ एक आणि इतिहास एक. गोव्यात सोळाव्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळे: परेरा, फर्नांडिस, डिसोझा. एकाच घरातले भाऊ वेगवेगळ्या धर्मपित्यांमुळे वेगवेगळ्या आडनावांचे झाले, असंही घडलं. तिथे रकान्यात दुसऱ्याच देशातला माणूस येऊन बसला. त्यातली जी कुटुंबं पुढे मंगळुरूकडे गेली, त्यांतल्या कित्येकांना आपण मूळचे प्रभू, कामत की पै हे आजही ठाऊक आहे आणि घरात ते सांगतात. चारशे वर्षांनी! नाव वरून बदललं तरी आतलं कुठे कसं टिकतं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

एकोणिसाव्या शतकातले आपले मराठी ख्रिस्ती मात्र स्वतः निवडून गेले, आणि त्यांची तऱ्हा निराळी. नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, नेहेम्या झाले, गोरे राहिलेच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, तेव्हा नाव मिळालं मेरी रमा. मेरी कागदावर राहिली, रमाबाई लोकांत. आणि नारायण वामन टिळक! १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. एक अक्षर बदललं नाही. नारायण हे विष्णूचं नाव, वामन वडिलांचं, टिळक कोकणातल्या चित्पावनांचं. जातीनं बाहेर टाकलं, पण नाव काही जातीच्या मालकीचं नव्हतं. पुढे १९१७ मध्ये आमच्या शेजारी साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार सुरू केला आणि स्वतःला ख्रिस्ताचा संन्यासी म्हणवलं. संन्यासी झाले आणि तरीही नारायण वामनच! आमच्या पाठशाळेच्या नियमात हे बसत नाही. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाही असंच. भिक्खू चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं, बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि नाव भीमराव रामजी आंबेडकर तेच ठेवलं. रामजी तसेच राहिले. बदल दिसला तो पुढच्या पिढीत. ज्यांच्या आज्या-आजोबांची नावं कचरू, दगडू, धोंडी होती (दुसऱ्यांनी तुच्छतेनं ठेवलेली, किंवा मूल जगावं म्हणून घरच्यांनीच ठेवलेली), त्यांच्या घरात सिद्धार्थ, मिलिंद, संघमित्रा, सुजाता आल्या. मोठ्यांनी स्वतःचं नाव बदललं नाही, मुलांचं ठेवताना बदललं. मला विचाराल तर अख्ख्या महाराष्ट्रात गेल्या शंभर वर्षांत नावांच्या बाबतीत झालेली सगळ्यांत मोठी गोष्ट ही आहे, आणि तिला राजपत्रात छापून आणायची गरज पडली नाही. भिक्खू होणाऱ्याला मात्र नवं नाव मिळतं. केदारनाथ पांडे वैष्णव साधू झाले तेव्हा रामोदर दास झाले आणि पुढे बौद्ध भिक्खू झाले तेव्हा राहुल सांकृत्यायन. राहुल हा बुद्धाचा मुलगा. आणि सांकृत्यायन कुठून आलं? सांकृत्य हे त्यांचं जन्मगोत्र. दोनदा घर सोडलेला माणूस गोत्र बरोबर घेऊन गेला.

जैनांत मुनिदीक्षेला नाव बदलतं. भोजचे सातगौडा पाटील आचार्य शांतिसागर झाले आणि १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखनेनं, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून, देह ठेवला. त्यांचा विधी मी पाहिलेला नाही, म्हणून पुढे जातो.

आणि आपले वारकरी? काहीच बदलत नाहीत. गळ्यात तुळशीची माळ पडते, नाव तेच. सगळा पंथच नामाचा, पण ते नाम विठ्ठलाचं. आपलं होतं तेच राहू द्यायचं. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे. वाण्याचं, शिंप्याचं, महाराचं नाव जसंच्या तसं अभंगाच्या शेवटच्या ओळीत. जनाबाईनं रकाना भरला तोही आपल्या मनानं: नामयाची दासी जनी.

एवढं सगळं सांगितलं ते दादांकडे परत यायला. कारण आपल्याकडे संन्यासाच्या नावावरून घडलेली सगळ्यांत दुःखाची गोष्ट वारकऱ्यांच्याच घरात आहे. आपेगावचे विठ्ठलपंत कुलकर्णी, बायकोला आळंदीत ठेवून काशीला गेले, पाश नाही असं सांगून संन्यास घेतला. परंपरा सांगते, की गुरूंनी नाव दिलं चैतन्याश्रम. पुढे तेच गुरू यात्रेत आळंदीला आले, रुक्मिणीबाई पाया पडल्या, त्यांनी "पुत्रवती भव" म्हटलं आणि सगळं उघड झालं. गुरूंनी परत पाठवलं. विठ्ठलपंत परत विठ्ठलपंत झाले, चार मुलं झाली. पण गाव म्हणालं, नाव परत घेता येत नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान यांच्या मुंजी अडल्या त्या नेमक्या इथे: बटू उभा राहून वंश सांगणार, तर बापाच्या जागी कोण? आत्मश्राद्ध केलेला मेलेला माणूस की आश्रम? गुरूनं दिलेलं नाव गुरूनं परत घेतलं, समाजानं घेऊ दिलं नाही. पुढे राजकारणात तेच उलटं झालं. नेताजी पालकरांना औरंगजेबानं महंमद कुलीखान केलं होतं. १६७६ मध्ये शिवाजीमहाराजांनी त्यांना परत घेतलं आणि ते पुन्हा नेताजी पालकर झाले. एकाला वाट मिळाली, एकाला नाही. शास्त्र तेच होतं, हो.

आता दुसरं टोक. आमच्या दत्तपंथात ज्यांच्याइतका कडक दंडी संन्यासी दाखवता येणार नाही ते वासुदेवानंद सरस्वती. जन्म १८५४, सावंतवाडीजवळचं माणगाव. पत्नी गंगाखेडला वारल्यावर १८९१ मध्ये उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि १९१४ मध्ये नर्मदेकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. आचारात तसूभर ढिलाई नाही. आणि लोक त्यांना काय म्हणतात? टेंबे स्वामी. आडनावानं! जे आडनाव त्यांनी शेंडी-जानव्याबरोबर पाण्यात सोडलं तेच लोकांनी उचलून 'स्वामी'च्या आधी लावलं. त्यात कुणाला अनादर वाटला नाही, आजही वाटत नाही. उलट स्वामी रामानंद तीर्थ बघा. हैदराबादच्या लढ्याचे नेते, लोकसभेत निवडून गेले, नांदेडचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं. व्यंकटेश खेडगीकर म्हटलं तर मराठवाड्यातलेही चार जण विचारात पडतील. कोणतं नाव टिकेल हे घेणाऱ्याच्या हातात नसतं. हाक मारणाऱ्याच्या असतं.

म्हणून आईंबद्दल मी स्पष्टच सांगतो. "संन्यस्तं मया" यात 'मया' आहे, म्हणजे मी सोडलं. संन्यास दादांनी घेतलाय, आईंनी घेतलेला नाही. जुन्या नावाला ओ द्यायची की नाही हा त्यांचा नियम, त्यांच्या तोंडापुरता. आईंच्या तोंडाला तो लागू नाही. आणि हे माझं भावनेचं बोलणं समजू नका. यतीनं, म्हणजे संन्याशानं, कुणाला नमस्कार करायचा नसतो, बापालाही नाही, उलट बापानं त्याला करायचा. एकच अपवाद: "सर्ववन्द्येन यतिना प्रसूर्वन्द्या प्रयत्नतः". सगळ्यांनी ज्याला वंदन करायचं त्या यतीनंही आईला वंदन करावं, तेही प्रयत्नपूर्वक. आचार्य शंकरांनी आईचे अंत्यसंस्कार करण्यासाठी कालडी गाठल्याची कथा तर सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांचा रकाना संन्यासात बदलतो, आईचा शास्त्रालाही पुसता आलेला नाही. दादांना हे ठाऊक असणार. नवीन संन्यासी पहिली दोन-तीन वर्षं नियमाला फार घट्ट धरतात; नवी सायकल शिकलेलं पोर हँडल धरतं तसं.

२०१६ च्या कन्यागतात, म्हणजे गुरू कन्या राशीत येतो तेव्हाच्या कृष्णेच्या पर्वात, आमच्या कृष्णेच्या घाटावर एक स्वामी आले होते. मूळचे आमच्याच आळीतले, तीस वर्षांनी. लोक रांगेनं पाया पडत होते. त्यांच्या चुलत घराण्यातली एक म्हातारी, नव्वदीची, डोळ्यांनी अधू, काठी टेकत आली आणि घाटावरून मोठ्यानं ओरडली, "ए पिंट्या, थालीपीठ आणलंय!" शिष्यमंडळी गारठली. स्वामींनी ओ दिली नाही. पण जाता जाता थांबले, पायऱ्या चढून वर आले आणि हात पुढे केला. भिक्षा म्हणून घेतलं का पिंट्या म्हणून घेतलं, कोण सांगणार. म्हातारी मात्र वर्षभर सांगत होती, "पिंट्यानं खाल्लं."

आता श्राद्धाचं. दादांना अधिकार राहिलेला नाही. शिखा-सूत्र नाही, गोत्र नाही, संकल्प सोडायचा कुणाच्या नावानं? त्यांनी केलं नाही म्हणून रागावू नका, त्यांना करताच येत नाही. तुमचा मुलगा आहे असं लिहिलंय. दौहित्राला, म्हणजे मुलीच्या मुलाला, आजोबांच्या श्राद्धाचा अधिकार शास्त्रात पहिल्यापासून आहे, त्यात कुणी खुसपट काढणार नाही. पण तुम्हाला स्वतः करायचं असेल तर मी मुलींच्या हातून करवतो, गेली बारा-चौदा वर्षं. काही गुरुजी करवत नाहीत, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, दुसरे बघा. वडील, आजोबा, पणजोबा या तिघांची नावं आणि गोत्र एका कागदावर लिहून ठेवा; पणजोबांचं नाव आईंना विचारा, आत्ताच विचारा. दादांचं नाव त्या दिवशी कुठेच येणार नाही, जुनंही नाही आणि नवंही नाही. ते जिवंत आहेत. त्या दिवशी ते हृषीकेशहून आले तर श्राद्धाच्या पंगतीत बसवू नका. वेगळं पान वाढा, भिक्षा म्हणून. वाढायचं आईंनी, आणि वाढताना त्या काय हाक मारतील ते त्यांच्यावर सोडा.